कडेच्या खुर्चीवरून आलेलं उत्तर

सोमवार, रात्री दहा

आई झोपायला गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "त्या कडेच्या मुलीचं ऐकायला हवं होतं गं त्यानं." मी नुसतं "हो" म्हटलं. आमटीचं पातेलं अजून ओट्यावर तसंच आहे. हात कामाला लागेना, म्हणून वही काढली.

आई मिरजेहून इथे लीड्सला येऊन दोन महिने झाले. सोमवारी संध्याकाळी बीबीसी टूवर 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' ही विद्यापीठांच्या संघांची प्रश्नमंजूषा लागते. पहिल्यांदा तिच्यासमोर लावलं तेव्हा वाटलं होतं की इंग्रजी प्रश्नांचा एवढा भडिमार ऐकून ती उठून जाईल. ती उठली नाही. पुढच्या सोमवारी चष्मा पुसून, शंभर पानी वहीत दोन रकाने आखून बसली. शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला तिने, गुण मांडायची सवय हातात आहे.

नियम तिने दोन सोमवारांत पक्के केले. चार-चार विद्यार्थ्यांचे दोन संघ. सुरुवातीचा प्रश्न दहा गुणांचा; तो एकट्याने बझर दाबून सोडवायचा, शेजाऱ्याला विचारायची मुभा नाही. बरोबर आलं की त्या संघाला पाच-पाच गुणांचे तीन बोनस, आणि तिथे मात्र चौघांनी डोकी एकत्र करायची. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत बझर दाबून चुकलात तर पाच गुण कापले जातात. मग उरलेला प्रश्न समोरच्या संघाला सावकाश ऐकायला मिळतो. बझर वाजला की पडद्याआडचा आवाज कॉलेजचं नाव आणि त्या मुलाचं आडनाव पुकारतो. आईला हे पुकारणं फार आवडतं. शाळेच्या हजेरीसारखं वाटतं म्हणते.

तिला त्याहून आवडला तो पहिल्या फेरीचा नियम. अठ्ठावीस संघ, चौदा सामने. जिंकलेले चौदा पुढे जातात, पण हरलेल्यांपैकी सर्वांत जास्त गुण मिळवलेल्या चार संघांना पुन्हा बोलावतात, आपापसांत खेळवतात आणि त्यातले दोन पुढे घेतात. "म्हणजे चांगलं खेळून हरलेल्याची कुणीतरी नोंद ठेवतं," आई म्हणाली. त्या दिवसापासून ती हरणाऱ्या संघाचे गुण लाल पेनाने लिहिते.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका करंडकासाठी. रोख बक्षीस नाही. हे तिला आधी खरंच वाटेना. आपल्याकडे २००० साली 'कौन बनेगा करोडपती' आलं तेव्हापासून टीव्हीवरचा प्रश्न म्हटला की त्याच्या बाजूला रुपयांचा आकडा दिसायचा, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. इथली मुलं चाचण्या देतात, निवड होते, सॅलफर्डच्या स्टुडिओत जाऊन दिव्यांखाली बसतात, आणि जिंकली तर करंडक घेऊन कॉलेजात परततात. मला हे मनापासून सुंदर वाटतं.

आई 'क्विझ टाइम'च्या आठवणी काढते. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंनी कॉलेजच्या मुलांची ती प्रश्नमंजूषा सुरू केली, तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. ती शेजारच्या काकूंकडे जाऊन दारापाशी बसून पाहायची आणि सोमवारी तेच प्रश्न वर्गात विचारायची. पुढे २००३ मध्ये बसूंनीच 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'ची भारतीय आवृत्ती बीबीसी वर्ल्डवर आणली. त्या वर्षी मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. अंधेरीचं सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग तिथे विजेतं ठरलं, आणि नंतर त्या मुलांनी इथल्या अंतिम फेरीत खेळलेल्या केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजलाही हरवलं. आमच्या होस्टेलवर ती बातमी आली तो दिवस मला आठवतो. मुंबई विद्यापीठाशी आमचा काडीचा संबंध नव्हता, तरी मेसमध्ये आम्ही टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरिंगचीच मुलं, आमच्यासारखीच सबमिशनच्या रात्री जागणारी. हे आपल्यालाही जमेल असं त्या टाळ्यांत होतं.

म्हणूनच पुढच्या वर्षी आम्ही तिघींनी संघ केला. तिथेच येऊन थांबले मी. आधी आजचं लिहिते.

आज एका संघाला आलेले बोनसचे प्रश्न नद्यांवर होते. पहिला त्यांनी सोडवला. दुसऱ्यात मंडाले शहर कोणत्या नदीकाठी आहे, असं विचारलं. आई ताबडतोब म्हणाली, "इरावती." मंडाले म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर टिळक येतात, १९०८ ते १९१४, सहा वर्षांचा तुरुंगवास, नदीचं नाव ती मुलांना फळ्यावर नकाशा काढून सांगायची. त्याच क्षणी पडद्यावर, टेबलाच्या कडेला बसलेली मुलगीही "इरावती" म्हणाली. हळू, पण आम्हाला नीट ऐकू आलं. कॅप्टन दुसऱ्या बाजूला वळला होता. तिकडचा मुलगा आत्मविश्वासाने "मेकाँग" म्हणाला. मुलीने पुन्हा एकदा सांगितलं. कॅप्टनने समोर पाहून "मेकाँग" हे उत्तर दिलं.

आईने पेन खाली ठेवलं. ती मुलगी काही बोलली नाही. केस कानामागे घेतले आणि तिसऱ्या प्रश्नासाठी पुढे वाकली.

हा कार्यक्रम बघणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. मायक्रोफोन प्रत्येकापुढे असतो, म्हणून घरी बसलेल्यांना सगळं ऐकू येतं. दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या कॅप्टनला येत नाही. अशा वेळी लोक टीव्हीवर ओरडतात. मला ओरडवत नाही.

२००४ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या एका केबल वाहिनीने कॉलेजांची प्रश्नमंजूषा घेतली होती. स्टुडिओ म्हणजे एका मंगल कार्यालयाचा हॉल, मागे निळा पडदा, दोन हॅलोजन. तीन-तीन जणांचे संघ. मी कॅप्टन, कारण मला बोलता यायचं. माझ्या डावीकडे आमच्या वर्गातली टॉपर आणि उजवीकडे जतजवळच्या गावातली माझी मैत्रीण, जी वर्गात फारसं बोलायची नाही आणि होस्टेलच्या खोलीत रात्रभर बोलायची.

उपांत्य फेरीत शेवटून दुसरा प्रश्न आला. अमेरिका खंडातून भारतात आणलेलं, दुष्काळी भागात वेड्यासारखं पसरलेलं, काटेरी, कोळशासाठी तोडलं जाणारं झाड. शास्त्रीय नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. मराठी नाव सांगा.

मी 'प्रोसोपिस' ऐकलं आणि पुढचं ऐकायचं थांबवलं. शमीच्या शास्त्रीय नावात प्रोसोपिस आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं, आणि वाचलेलं आठवल्याचा आनंदच इतका मोठा होता. उजवीकडून ती म्हणाली, "वेडी बाभूळ." मला ऐकू आलं. हे आज लिहिलंच पाहिजे. मला ऐकू आलं होतं. मी तिच्याकडे वळले नाही, मी डावीकडे पाहिलं. टॉपरने मान हलवली, आणि मी माइकमध्ये म्हणाले, "शमी."

आपली शमी, जिला दसऱ्याला पुजतात, ती इथलीच. तिचं शास्त्रीय नाव प्रोसोपिस सिनेरारिया. ती बाहेरून आलेली नाही. प्रश्नातला 'अमेरिका' हा एक शब्द माझं उत्तर खोडून टाकायला पुरेसा होता. जिच्या घराच्या बांधापासून ओढ्यापर्यंत वेडी बाभूळच आहे, जिच्या घरी चुलीला तेच सरपण, तिच्यापेक्षा माझं वाचन खरं धरलं मी.

पाच गुणांनी हरलो. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. मी सॉरी म्हणाले नाही. "नशीब" असं काहीतरी म्हणाले.

मंगळवार

सकाळी ऑफिसला जाताना बसमध्ये 'नॉमिनेट' या शब्दाचा विचार करत होते. 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'मध्ये बोनसचं उत्तर फक्त कॅप्टनने द्यायचं असतं. पण कॅप्टनला दुसऱ्याला ठाऊक आहे असं वाटलं, किंवा उत्तर उच्चारायलाच अवघड असलं, तर तो "नॉमिनेट" म्हणून त्या मुलाचं आडनाव घेतो आणि मागे सरकतो. मग तेवढ्यापुरता माइक त्याचा. १९६२ मध्ये बॅम्बर गॅस्कोइन यांनी पहिला भाग सादर केला तेव्हापासून अनेक पिढ्यांतल्या मुलांनी ही कॅप्टनची खुर्ची सांभाळली असेल. मला ती 'नॉमिनेट'ची पद्धत टीव्हीवर बघेपर्यंत माहीत नव्हती. तरी आमच्या त्या हॉलमध्येही "ही सांगेल" एवढं म्हणायला नियम लागत नव्हता.

१९७५ मध्ये मँचेस्टरच्या संघाने इथे एक गंमतीशीर दिसणारा, पण गंभीर निषेध केला होता. ऑक्सफर्ड-केंब्रिजची कॉलेजं वेगवेगळी उतरतात, इतर विद्यापीठांना मात्र एकच संघ, म्हणून ते प्रश्न काहीही असो, उत्तर म्हणून ट्रॉट्स्की, मार्क्स, लेनिन, चे गव्हेरा अशी नावं घेत राहिले. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग नियम बदलला का?" नाही, दोन्हीकडची कॉलेजं आजही वेगवेगळीच येतात. पण त्याच मँचेस्टरने पुढे २००६, २००९, २०१२ आणि २०१३ असं चारदा विजेतेपद मिळवलं. आज मला त्या मुलांचा वेगळाच हेवा वाटला. चौघांनी मिळून ठरवलं असेल, आणि ते करताना चौघं एकमेकांचं ऐकत होते.

संध्याकाळी आई म्हणाली, "तिचा नंबर आहे ना तुझ्याकडे?" आहे. दिवाळीला शुभेच्छा, मुलांचे फोटो, बस्स. ती आता तासगावला असते. वीस वर्षांत आम्ही तो प्रश्न काढलेला नाही.

जेवण झाल्यावर तिला लिहिलं. फार नाही, चार ओळी. "तू वेडी बाभूळ म्हणाली होतीस. मी ऐकलं होतं. तरी शमी म्हणाले. तेव्हा मी चुकले, आणि नंतर एसटीत पुन्हा चुकले." पाठवून फोन उलटा ठेवला. तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली.

शनिवार

तिचा आवाजातला निरोप आज सकाळी ऐकला. तीन मिनिटं. मागे कुकरची शिट्टी, मुलाला "दप्तर उचल" म्हणणं, मग ती शांत खोलीत गेली असावी.

"अगं, मला सगळं आठवतंय की," ती म्हणाली. "तू निळा कुर्ता घातलेलास. पण मी हळू बोलले ते तुला घाबरून नाही. मला वाटलं, टीव्हीवर 'वेडी बाभूळ' कसं म्हणायचं? इतकी नावं चाललीत, लॅटिन काय, इंग्लिश काय, आणि मी आमच्या ओढ्यावरचं झुडूप सांगू? मलाच लाज वाटली त्या शब्दाची. म्हणून ओठांतल्या ओठांत म्हणाले."

मी हा निरोप आईला ऐकवला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "प्रश्नात मराठी नावच तर विचारलं होतं."

हो. मराठीच नाव विचारलं होतं. माझ्या तोंडून पूजेच्या ताटातलं नाव आलं, कारण ते मला टीव्हीला शोभेलसं वाटलं असणार. तिच्या लाजेमुळे माझी चूक हलकी होत नाही. ती हळू बोलली, हे खरं. पण मी उजवीकडे मान वळवली असती तर तिने परत, थोडं मोठ्याने म्हटलं असतं. मला खात्री आहे. होस्टेलच्या खोलीत मी तिच्याकडे पाहिलं की तिचा आवाज मोठा व्हायचा.

निरोपाच्या शेवटी ती म्हणाली, "डिसेंबरात येशील तेव्हा गावी चल माझ्याबरोबर. अजून आहेत ती झाडं, कितीही तोडली तरी फुटतात."

तिकीट अठरा डिसेंबरचं काढलंय. आईने खाली सोमवारचं पान आखून ठेवलं आहे. या खेपेला दोनच रकाने नाहीत. प्रत्येक संघाखाली चार-चार घरं पाडली आहेत, चार खुर्च्यांची.