अहो एल्डर

शेजाऱ्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. दर बुधवारी दुपारी मी त्यांच्या झाडांना पाणी घालायला जाते. खरं तर दहा मिनिटांचं काम, पण रिकाम्या घरात माणूस उगाच रेंगाळतो. परवा हॉलमधल्या खुर्चीवरची चादर घसरली होती, ती सारखी करायला गेले तर गादीच्या फटीत हाताला काहीतरी टणक लागलं. काढून बघितलं तर काळी पट्टी. आगपेटीपेक्षा जरा लांब, मागे लोहचुंबक, पुढे पांढरी अक्षरं. वर 'एल्डर' आणि त्यापुढे आडनाव, खाली त्यांच्या चर्चचं लांबलचक नाव. बस. माणसाचं स्वतःचं नाव कुठेच नाही.

चौदा वर्षं या माणसाला मी नावाने हाक मारतेय. इथली पद्धतच तशी. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, त्यामुळे पहिली दोन वर्षं जीभ रेटायची नाही, म्हणून मी हाकच मारायची नाही. नुसती समोर जाऊन उभी राहायची. आता कुठे सवय झाली, तर हे बायकोबरोबर मिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मसेवेला, गेले आणि एल्डर होऊन बसले. मिशनवरच्या पुरुषाला तिथे असंच म्हणतात.

आम्ही अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला राहतो. जग ज्यांना मॉर्मन म्हणतं त्यांची ही पंढरी. २०१८ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी सांगितलं की हे टोपणनाव पुरे, आता चर्चचं पूर्ण नाव घ्या. पूर्ण नाव घेईपर्यंत चहा निवतो. अर्थात ते चहा पीतच नाहीत, त्यामुळे त्यांना घाई नसते. आम्ही नवे होतो तेव्हा शेजारीणबाई म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात या कधीतरी." मला नगरसेवक आठवला, नवऱ्याला हॉस्पिटल. वॉर्ड म्हणजे त्यांच्या चर्चची आपापल्या वस्तीतली मंडळी, हे कळायला महिना गेला.

पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर ही पट्टी लावून जोडीजोडीने फिरणारी पोरं बहुतेकांनी पाहिलेली असतात. मुलगे दोन वर्षं, मुली दीड. पण पासष्टी ओलांडलेले नवरा-बायकोही असेच निघतात, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. ६, १२, १८ किंवा २३ महिने, ज्याला जसं जमेल तसं. पगार नाही. उलट खर्च आपल्याच पेन्शनीतून. २०११ मध्ये एवढं ठरलं की राहण्याचा खर्च महिना १,४०० डॉलरच्या वर गेला तर वरचं चर्च बघेल. दारोदार हिंडायची सक्ती नाही, पोरांसारखं सकाळी साडेसहाला उठायचं बंधन नाही. कुणी ऑफिसात बसून कागदपत्रं सांभाळतं, कुणी त्या पोरांच्या खोल्या तपासत फिरतं. फ्रिज उघडून बघतात म्हणे. माझा फ्रिज तपासायला कुणी आलं तर मी त्याच दिवशी नास्तिक होईन.

आमच्या या दोघांच्या वाट्याला फोटो काढण्याचं काम आलं. पूर्वेकडच्या एका काउंटीचं जुनं कोर्ट, त्याचं तळघर, तिथे रजिस्टरांच्या थप्प्या. बाई पान उलटतात, मुडपलेला कोपरा हलकेच सारखा करतात, हात काढतात. एल्डर कॅमेऱ्याचं बटण दाबतात. पान, हात, क्लिक. दिवसभर हेच. लग्नाच्या नोंदी, मृत्युपत्रं, जमिनीचे कागद.

मिशनच्या भाषेत जोडीतला दुसरा म्हणजे 'कम्पॅनियन'. पोरांना तो वरून नेमून दिला जातो, काही आठवड्यांनी बदलतो, आणि तोवर त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही असा नियम. आमचे एल्डर एकोणिसाव्या वर्षी गेले होते तेव्हा त्यांना मिळालेला एक जण झोपेत भजनं म्हणायचा. निघायच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये भाषण करताना ते म्हणाले, "या वेळी कम्पॅनियन बदलून मिळणार नाही म्हणतात." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन हा विनोद नवऱ्याला मराठीत सांगायला गेले, तर तो मराठीत होईचना. आपल्याकडे जोडीदार म्हणजे बॅडमिंटनमधलाही आणि लग्नातलाही. विनोदाला जागा कुठे आहे? आपण आधीच मान्य करून बसलोय.

या घरात आरामखुर्च्या दोन आहेत, पण एका खोलीत नाहीत. त्यांची हॉलमध्ये, बाईंची वर, शिवणाच्या खोलीत. टीव्हीही दोन. त्यांचं गॅरेज, यांच्या गोधड्या. पन्नाशीला टेकलेल्या संसारात माणसं एकमेकांपासून बेताचं अंतर राखायला शिकतात आणि लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात. आमच्याकडे तरी वेगळं काय आहे? दोघंही घरून काम करतो, तो खाली, मी वर. दुपारी मी वरून 'चहा?' असा मेसेज पाठवते, तो खालून अंगठा पाठवतो. अठरा पायऱ्यांचं अंतर, पण फोनला बरं पडतं.

तर अशा दोघांना तिथे मिळालं दोन खोल्यांचं घर, एक टेबल आणि एक गाडी.

सोमवार त्यांचा पी-डे, म्हणजे तयारीचा दिवस. कपडे धुवायचे, सामान भरायचं आणि सगळ्यांना मिळून एक ईमेल लिहायचं. सुरुवातीच्या ईमेलांत हवापाणी असायचं. सहाव्या आठवड्यात बाईंनी लिहिलं की पार्किंगवरून आमचं वाजलं आणि भर रस्त्यात मला म्हणावं लागलं, "एल्डर, तुम्ही ऐकत नाही." आता इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण मला वाचताना 'तुम्ही'च ऐकू आलं. 'एल्डर' म्हटल्यावर पुढे 'तू' येऊच शकत नाही. माझ्या आजीने आयुष्यभर याच शस्त्रावर राज्य केलं. "अहो, अक्कल गहाण ठेवलीत का?" यात मान पूर्ण, अपमानही पूर्ण. नवऱ्याला 'अरे' म्हणणाऱ्या आमच्या पिढीने एक चांगलं हत्यार हातचं घालवलं, असं माझं फार दिवसांचं मत आहे. नवरा म्हणतो, तुला हत्यारांची कमतरता कधी जाणवलेली नाही.

पोरांना म्हणे दर आठवड्याला समोरासमोर बसून 'कम्पॅनियनशिप इन्व्हेंटरी' करावी लागते. इन्व्हेंटरी म्हणजे गोदामातल्या मालाची मोजदाद. इथे माल म्हणजे आपण. जोडीदाराचं काय चांगलं, काय खटकतं, ते प्रेमाने एकमेकांना सांगायचं. बाईंना हौस भारी, त्या म्हणाल्या आपणही करू. एल्डरनी बराच विचार करून सांगितलं, तू पानं फार जोरात उलटतेस. बाईंनी विचार न करता सांगितलं, तुम्ही काम करताना नाकातून शिट्टी वाजवता, १९७७ पासून. पुढच्या आठवड्यात इन्व्हेंटरी झाली नाही. त्यापुढच्या आठवड्यात विषयही निघाला नाही.

काम मात्र दोघांना आवडलेलं दिसतं. त्यांच्या चर्चची माणसं १९३८ पासून अशा नोंदींची मायक्रोफिल्म करत आलीत. आमच्या इथून जवळच लिटल कॉटनवुड नावाची दरी आहे, तिथे ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून केलेल्या तिजोरीत ती रिळं ठेवलेली आहेत. २४ लाख रिळं. त्यांचं डिजिटायझेशन २०२१ मध्ये संपलं. आम्ही दर शरदात त्या दरीत पिवळी झालेली झाडं बघायला जातो, आणि बाजूच्या डोंगराच्या पोटात कोट्यवधी मेलेली माणसं नावानिशी बसलेली असतात. त्यांच्या देवळात पूर्वजांसाठी विधी होतात, त्याला नाव लागतं, म्हणून हा खटाटोप. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पितृपक्षात भटजी तिसऱ्या पिढीपाशी थांबतात आणि वडील आईकडे बघतात, हे आपण पाहिलेलं असतं.

त्या रिळांमध्ये हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही आहेत, हे एल्डरनीच मला कुंपणापाशी उभं राहून सांगितलं होतं. मी म्हटलं, आमचं खातं नाशकात आहे.

नाशकात मी नऊ वर्षांची असेन. रामकुंडाजवळचा एक वाडा, अंधारा जिना, वर शेणाने सारवलेल्या जमिनीचा आणि कापराचा वास. उपाध्यायांनी आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं आणि आतून लाल कापडात गुंडाळलेलं लांबट बाड आणलं. भराभर पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. आजोबांच्या आजोबांची सही, मोडीत. आजोबा चष्मा कपाळावर चढवून ती वाचत राहिले. मोठी माणसं हळवी झाली होती. मी पाटावर बसून घंगाळाच्या काठावरून चालणारी माशी बघत होते.

मग नवी नोंद करायची वेळ आली. आजोबांनी आपलं नाव सांगितलं, मुलांची सांगितली, नातवंडांची सांगितली. माझ्या नावातलं ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सांगितलं. उपाध्यायांनी मान वर न करता विचारलं, "कुटुंबाचं नाव?"

आजोबा गप्प.

आजी त्यांच्या मागे उभी होती, नेहमीसारखी चार पावलं मागे. ती पदर सारखा करायला लागली. तिचं तर ठरलेलंच होतं, उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. पण त्यांचंही चाळीस वर्षं 'अगं' आणि 'ऐकलं का' यावरच भागलं होतं. हे मला त्या क्षणी कळलं असं लिहायला छान वाटेल, पण ते मला फार नंतर कळलं. त्या क्षणी मला वाटलं, आजोबा आजीचं नाव विसरले. आणि मला भयंकर भीती वाटली, की आता हे लिहिणार काय?

आजोबांनी घसा खाकरला आणि नाव घेतलं. सासरचं. उपाध्याय म्हणाले, "माहेरचं?" तेही घेतलं. आजी मागून म्हणाली, "इश्श, एवढं मोठ्याने कशाला." मोठ्याने कुठे, मला जेमतेम ऐकू आलं होतं. परतताना ती चार पावलं मागेच होती. आजोबा कोपऱ्यावर थांबून छत्री उघडमीट करत राहिले, ती जवळ येईपर्यंत. पाऊस नव्हता.

ती दोन्ही नावं इथे लिहायला काही हरकत नाही. पण त्यांनी एकदाच घेतलेली, मी कशाला घेऊ.

या सोमवारच्या ईमेलात बाईंनी लिहिलंय की सध्या जमिनीची जुनी खरेदीखतं चालली आहेत. त्यांत नवऱ्याचं नाव पूर्ण असतं आणि पुढे नुसतं 'एट उक्स' लिहिलेलं असतं. लॅटिन आहे, 'आणि बायको'. एवढ्यावर काम संपलं. बाई असे 'आणि बायको' मोजायला लागल्या. एल्डर म्हणाले, मोजत बसू नको, पाचला कोर्ट बंद होतं. त्या म्हणतात, मी मनात मोजतेच आहे, फक्त त्यांना सांगत नाही. पुढे तिथल्या बर्फाबद्दल दोन परिच्छेद आहेत. शेवटी विचारलंय, झाडं कशी आहेत?

पट्टी हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. टेबलावर ठेवली असती, पण मग मी त्यांच्या खुर्चीत बसते हे कळलं असतं. परत फटीत सरकवली आणि वर चादर घातली.

झाडांचं म्हणाल तर खिडकीतल्या जेडची पानं पिवळी पडून गळायला लागलीत. पाणी जास्त होतंय. बुधवार-बुधवार म्हणते खरी, पण मी आठवड्यातून तीनदा जाते. गळलेली पानं कुंडीच्या मागे लपवली, घरी आले आणि ईमेलला उत्तर लिहिलं: झाडं अगदी छान आहेत, काळजी नसावी.

मग जिन्याच्या तोंडाशी उभी राहून खाली हाक मारली. नवऱ्याचं नाव घेऊन, पूर्ण, 'अरे' न म्हणता. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला.

"काय झालं? बरी आहेस ना?"

"चहा," मी म्हटलं.

"मग मेसेज करायचा ना," असं म्हणून तो खाली गेला.