ताराँतेझ प्लॅन, पुढचा टप्पा: शेवटची लिफ्ट चुकली तर उतरायचं कुठे?

मंडळी, मार्चमधल्या आमच्या स्की ट्रिपच्या प्लॅनचं काम मागच्या लॉगनंतर बरंच पुढे सरकलंय म्हणून हा जरा लांब होणार. बेस फायनल झाला, बूर-सँ-मोरीस. फ्रान्सच्या ताराँतेझ खोऱ्यातलं, रेल्वेलाइन जिथे संपते ते गाव, उंची साधारण ८०० मीटर. वर रिसॉर्टमध्ये न राहता खाली गावात राहायचं, रोज सकाळी एक एरिया पकडायचा आणि संध्याकाळी परत. पैसे वाचतात हे तर आहेच, पण मुख्य म्हणजे ह्या एकाच गावातून चार लिंक्ड एरिया (लिफ्टने एकमेकांना जोडलेली स्की रिसॉर्ट) हाताशी येतात: ले आर्क आणि ला प्लान्य मिळून झालेलं पाराडिस्की, तिन्य–व्हाल दिझेर, थ्री व्हॅलीज आणि चौथा ला रोझिएर–ला तुईल, जो डोंगर ओलांडून थेट इटलीत उतरतो.

आम्ही तिघं. मी फोंड्याचा, एक म्हापशाचा आणि एक पुण्याचा दादा जो गुलमर्गच्या कोर्सला भेटला. तिघंही ब्लॅक रनवर (सगळ्यात अवघड उतार) आणि मोगलमध्ये (बर्फाचे उंचवटे) आरामात चालतो, त्यामुळे "झेपेल का" हा प्रश्न नाहीये. प्रश्न वेळेचा आहे. गुलमर्गला शिकलेल्यांना इथे डोकं वेगळं चालवावं लागतं, तिथे फेज टूची गोंडोला (वरच्या टप्प्याची केबल कार) चालू की बंद एवढं सकाळी कळलं की दिवस ठरला, अफरवट डोंगरावरून कुठूनही उतरलं तरी गुलमर्गला नाहीतर टंगमर्गच्या रस्त्याला लागतो. लिंक्ड एरियात तसं नसतं. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेणाऱ्या लिफ्ट मोजक्या असतात आणि त्या साधारण चार-साडेचारच्या सुमाराला बंद होतात, मग तुम्ही कितीही भारी स्कीअर असा, धारेच्या चुकीच्या बाजूला राहिलात की राहिलात. उलट माझं स्पष्ट मत आहे की हा धोका एक्सपर्टलाच जास्त. मध्यम लेव्हलची माणसं पुढे पुढे जात राहतात, आपण एखादी चांगली घळ सापडली की तिथेच फेऱ्या मारत बसतो, एक अजून, एक अजून, आणि तीन कधी वाजले कळत नाही.

म्हणून ह्या वेळी प्रत्येक लिंकला एकच प्रश्न विचारला: ही चुकली तर मी कुठे उतरेन आणि तिथून बूरला यायला काय मिळेल? उत्तरं इतकी वेगवेगळी आली की सगळा क्रमच बदलला.

पाराडिस्की सगळ्यात सोपं. बूरच्या स्टेशनजवळूनच फ्युनिक्युलर (रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी) सुटते ती सात मिनिटांत आर्क १६०० ला नेते. ले आर्क आणि ला प्लान्य ह्यांच्यामध्ये वानोआझ एक्स्प्रेस, २००३ च्या डिसेंबरात सुरू झालेली दुमजली केबल कार, एका केबिनमध्ये २०० माणसं, खाली दरी ३८० मीटर. जोराचा वारा असला की ती बंद ठेवतात. पण चुकली तरी पलीकडचं मोंशावँ त्याच इझेर नदीच्या खोऱ्याच्या अंगावर आहे, खाली उतरून टॅक्सी केली की काम झालं, खिशाला चाट बसेल एवढंच. तरी मला विचाराल तर पहिल्या दिवशी पलीकडे जाऊच नये. ३२२६ मीटरवरच्या एग्वीय रूजवरून व्हिलारोजेपर्यंतची उतरण सुमारे ७ किलोमीटर आणि उंचीतला फरक जवळजवळ २००० मीटर, आपलं गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर सोनसोगड ११६७ मीटरचं, म्हणजे एका दमात त्याच्या दीडपटीहून जास्त खाली. समुद्रसपाटीवरून येणाऱ्या पायांना पहिल्या दिवशी एवढं पुष्कळ झालं.

तिन्य–व्हाल दिझेरबद्दल फार लिहीत नाही. दोन्हीकडून बूरला बस आहे, लिंक चुकली तरी दुसऱ्या गावातून बस पकडायची. व्हालमधून सुरू करायचं, बेलव्हार्दवरून ला फास सकाळीच मारायची (१९९२ च्या ऑलिम्पिकची पुरुषांची डाउनहिल ह्याच उतारावर झाली होती), मग तिन्यकडे सरकायचं आणि शेवट साशच्या ब्लॅक रनने खाली ले ब्रेव्हिएरला. साशचा खालचा भाग थकलेल्या पायांना लांब वाटतो असं ज्यांनी केलंय ते सांगतात, म्हणून मध्ये थांबायला वेळ धरलाय.

आता थ्री व्हॅलीज, जिथे ह्या महिन्यातला सगळ्यात मोठा शोध लागला. ६०० किलोमीटर पिस्ट (आखलेले स्की उतार), आणि नकाशा बघून प्रत्येकाच्या डोक्यात आधी गोल चक्करच येते, कूर्शव्हेलवरून निघा, मेरिबेल, व्हाल तोरान्स आणि परत. त्या चकरेत अर्धा दिवस परतीच्या लिफ्टवर बसण्यात जातो. पण आपण खाली राहणारी माणसं! कूर्शव्हेल, मेरिबेल, बेलव्हील (व्हाल तोरान्सचं खोरं), तिन्ही खोऱ्यांचे रस्ते शेवटी खालच्या मूतिए गावालाच उतरतात, आणि मूतिए ते बूर ट्रेन आहे. मग परत यायचंच कशाला? सकाळी ट्रेनने मूतिए, बसने कूर्शव्हेल, आणि दिवसभर सोलीरचा डोंगर घेत एकाच दिशेने आडवं जात संध्याकाळी व्हाल तोरान्सला संपवायचं, तिथून बस, मूतिए, ट्रेन. एकही लिंक उलटी घ्यायची नाही आणि कुठेही अडकलो तरी त्या त्या खोऱ्यातून खाली मूतिएच. पुण्याच्या दादाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे मग तर सोलीरवर एक तास जास्त मिळतो की!" तेच तर.

सोलीरच्या टोकावरून ग्राँ कूलवार, पिस्ट मॅपवर ब्लॅक दाखवलेली घळ, सुरुवातीची धार अरुंद आणि खाली मोगल. तिच्या शेजारच्या घळी ऑफ-पिस्ट (आखलेल्या उतारांबाहेर) आहेत, तिथे अव्हलांच बुलेटिन (हिमस्खलनाचा अंदाज) बघितल्याशिवाय आणि ट्रान्सिव्हर (बर्फाखाली अडकलेल्याला शोधणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं तिघांकडे असल्याशिवाय जायचं नाही हे आधीच ठरलंय. सोलीरवरून मोतारेला उतरून मों व्हालों, २९५२ मीटर, त्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करायची कारण तिथून पुढे कुठेच लिंक नाही म्हणून गर्दी कमी. मग मों द ला शांब्र ओलांडून व्हाल तोरान्स, आणि अंगात जीव असेल तर सीम कारोंची केबल कार ३२०० मीटरपर्यंत आणि तिथून कोंब द कारोंने खाली. व्हाल तोरान्स गावच २३०० मीटरवर आहे त्यामुळे मार्चच्या दुपारीही तिथला बर्फ इतर ठिकाणांपेक्षा टिकतो, म्हणूनही शेवट तिकडे. ह्या रूटमध्ये ला मास हा डोंगर सुटतो ह्याचं वाईट वाटतंय, उत्तरेकडचा चांगला तीव्र उतार आहे, पण एका दिवसात सगळं कोंबायचं नाही.

आणि ला तुईल. इथे मात्र माझा हात आखडला. ला रोझिएर फ्रान्समध्ये, दक्षिणेकडे तोंड करून उन्हात, ला तुईल इटलीत, उत्तरेकडे तोंड, थंड, आणि गावाकडे झाडांमधून उतरणारे ब्लॅक रन, त्यातलाच एक फ्रांको बेर्थोद जिथे २०१६ मध्ये महिलांच्या वर्ल्ड कपची डाउनहिल झाली. मला चारांपैकी सगळ्यात जास्त हाच दिवस करायचाय. पण मधल्या धारेवर वारा फार, आणि वारा वाढला की लिंक बंद होते. पेटी सँ बर्नारची खिंड २१८८ मीटरवर आहे पण तो रस्ता हिवाळ्यात बंद असतो, म्हणजे पलीकडे अडकलो तर गाडीने मों ब्लाँच्या बोगद्यातून वळसा घालून यायचं, कित्येक तासांचं काम आणि टॅक्सीचा आकडा लिहायची इच्छा नाही. म्हणून इथले नियम कडक: आदल्या संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज वाईट असेल तर दिवस रद्द आणि त्याऐवजी ले आर्क. गेलोच तर सकाळच्या पहिल्या बसने, ला रोझिएरला न रेंगाळता सरळ पलीकडे, आणि ला तुईलच्या तळातून दुपारी दोनला परतीला लागायचं, कितीही मस्त बर्फ असला तरी. पासपोर्ट खिशात. शेंगेन असलं तरी देश बदलतो.

अजून एक गोष्ट जी आधी प्लॅनमध्ये नव्हती, शनिवार. ह्या खोऱ्यात शनिवारी आठवड्याचे पाहुणे बदलतात, रस्ता गाड्यांनी तुंबतो आणि त्याच वेळी डोंगरावर मात्र रिकामं असतं. म्हणजे शनिवारी रस्त्यावर पाऊल न ठेवता फ्युनिक्युलरने वर, ले आर्क. बाकी एरिया आठवड्याच्या मधल्या दिवसांत. फ्रान्सच्या शाळांच्या सुट्ट्या फेब्रुवारी ते मार्चच्या सुरुवातीला पाळीपाळीने असतात, त्या टाळायच्या, आणि आपल्याकडे शिमग्याच्या मिरवणुका आटोपल्याशिवाय म्हापशेकर निघणार नाही, तेव्हा मार्चचा दुसरा अर्धा दोन्ही हिशोबांनी बसतो. दिवस मोठा असतो हा वरचा फायदा. मार्चमध्ये उन्हाचा क्रम पाळायचा: रात्री गोठलेला बर्फ आधी पूर्वेकडचा मऊ होतो, मग दक्षिणेकडचा, शेवटी पश्चिमेकडचा, आणि उत्तरेचा दिवसभर राहतो. रूट कार्डवर प्रत्येक रनपुढे दिशा लिहून ठेवलीये. कार्ड कागदाचंच, प्लास्टिकमध्ये घालून, कारण थंडीत फोनची बॅटरी केव्हा मान टाकेल सांगता येत नाही.

इकडची तयारी. ह्या पावसात फोंड्यात बूट सांभाळणं हेच मोठं काम आहे. लायनर (बुटांच्या आतला मऊ भाग) बाहेर काढून वेगळे ठेवलेत, नाहीतर बुरशी धरलीच समजा, कपाटात आई गोधड्यांसाठी बल्ब लावते त्याच कप्प्यात ते गेलेत. स्कीच्या कडांना गंज चढू नये म्हणून बेसवर आणि कडांवर जाड वॅक्सचा थर देऊन तो न खरवडता तसाच ठेवलाय, तो सीझनच्या आधी काढायचा. ट्रान्सिव्हरमधले सेल काढून ठेवा, हे किनारपट्टीवर राहणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे, सेल गळला तर जीव वाचवणारी वस्तू कचरा होते. पायांसाठी पाऊस उघडला की सत्तरीत वाघेरी, पण चढण्यापेक्षा उतरण्यावर भर, पाठीवर वजन घेऊन सावकाश. स्कीइंगमध्ये मांडी ताणली जात असताना जोर लावत असते, आणि तो सराव उतरतानाच होतो, जिममधल्या सायकलवर नाही.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा चवथ झाली की कागद गोळा करायला घेणार. इन्शुरन्समध्ये शेंगेनची ३०,००० युरोची अट पूर्ण होणारी पॉलिसी पुष्कळ मिळतात पण ऑफ-पिस्ट आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू त्यात आहे का ते बारीक अक्षरांत वाचावं लागतं, दोन पॉलिसी मी त्यावरच बाजूला ठेवल्या.

राहिलेलं काम म्हणजे व्हाल तोरान्सवरून मूतिएला येणारी संध्याकाळची बस आणि मूतिएवरून बूरची शेवटची ट्रेन ह्यांचा मेळ, नवीन सीझनचं टाइमटेबल आलं की बसवतो. आणि कुणी मार्चमध्ये ला तुईलवरून दुपारी परत आलं असेल तर ला रोझिएरच्या बाजूचा बर्फ तीनच्या सुमाराला कितपत ओला असतो ते सांगा, त्यावर दोनची वेळ दीडवर आणायची का ते ठरवतो.