जुन्या होम थिएटरमध्ये काय ठेवलं, काय बदललं

लातूरच्या घरातली बैठक 10 बाय 14 फुटांची. शहाबादी फरशी, वर स्लॅब. जुना 5.1 संच (पाच स्पीकर आणि एक वूफर) गाणी ठणठणीत वाजवायचा, पण संवाद कळायचे नाहीत. बजेट बेताचं, म्हणून फक्त सेकंडहँड रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारं मशीन), सेंटर म्हणजे संवादांचा मधला स्पीकर आणि वायर एवढंच घ्यायचं ठरवलं.

जुने स्पीकर नव्या रिसीव्हरला जोडण्याआधी मागचा ओहमचा (विद्युत रोधाचा) आकडा वाचा. माझ्या स्पीकरवर 3 ओहम होतं. रिसीव्हर किमान 6 मागतो. तसेच जोडले तर करंट जास्त खेचला जातो, मशीन तापतं आणि मोठ्या आवाजाला बंद पडतं. त्यामुळे पुढचे दोन्हीही वापरलेले, पण 8 ओहमचे घेतले. मागचे दोन सध्या जोडलेच नाहीत. मधला आवाज नीट आला की मागच्यांवाचून फारसं अडत नाही.

वायर 1.5 चौरस मिमीची साधी हाउस वायर घेतली, लाल आणि काळी. दुकानातच टोक ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं झालं की बास गायब होतो आणि आवाज कुठून येतोय तेच कळत नाही.

टीव्ही ते रिसीव्हर एचडीएमआय, दोन्हीकडे एआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणारी सोय) लिहिलेल्या खाचेतच. इथं बरेच जण अडकतात: टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पीसीएम (टीव्हीनंच उलगडून दिलेला आवाज) असेल तर बहुतेक वेळा दोनच चॅनल येतात आणि सेंटरला स्वतःचा आवाज मिळत नाही. बिटस्ट्रीम (न उलगडता रिसीव्हरकडे जाणारा आवाज) किंवा ऑटो केलं आणि संवाद मधून यायला लागले. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा खर्ज वूफरकडे जातो.

वूफरनं मात्र दोन संध्याकाळी घेतल्या. 14 फुटांच्या खोलीत साधारण 40 हर्ट्झचा सूर फुगतो, आणि कोपऱ्यात ठेवलेला वूफर नेमका त्यालाच जोर देतो. प्रत्येक ठोका एकसारखा घुमतो. वूफर बसायच्या जागी ठेवून तेच गाणं लावलं आणि भिंतीकडेनं गुडघ्यांवर फिरत ऐकलं. दाराजवळ ठोके सुटे-सुटे आले, तिथंच तो ठेवला. फरशीवर जाड सतरंजी आणि समोरच्या भिंतीला गोधडी लावल्यावर 'स'चा चरचराट गेला. पैशाच्या मानानं हा फरक सगळ्यात मोठा.

घरघर येत असेल तर आधी डिशची केबल काढून बघा. थांबली, तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा (जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून केबलवाटे फिरणाऱ्या करंटचा). त्या केबलला आयसोलेटर (हा फेरा तोडणारा छोटा जोड) लावा, प्लगची तिसरी पिन कधीच तोडू नका. आणि रिसीव्हर बंद शोकेसमध्ये नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, वर चार बोटं तरी मोकळी ठेवा.