एसी आमचा, गिझर त्यांचा

एसीचा रिमोट कोणाकडे असावा यावरून आमच्या घरात आधीच दोन पक्ष होते. त्यात वीज कंपनी हा तिसरा पक्ष मीच घरात घेतला. संध्याकाळी मागणी शिगेला पोचली की नोंदणी केलेल्या घरांतले एसी आणि गिझर कंपनी दुरूनच थोडा वेळ मंद किंवा बंद करणार, त्याबदल्यात बिलात सूट. संमतीचा फॉर्म मी वाचला होता. 'कमाल ३ अंश' या ओळीवरून मात्र नजर घसरून गेली.

पहिल्याच आठवड्यात बाबांनी हाक मारली. एसीतून वारा येत होता, पण बाहेरच्या कॉम्प्रेसरची घरघर थांबलेली. मी २४ वर ठेवलेला एसी २७ दाखवत होता. मी रिमोटचे सेल बदलले, चालू-बंद केलं, तरी ढिम्म! मग मोबाइलवर दुपारीच येऊन पडलेला कंपनीचा निरोप दिसला. 'या वेळी वगळा' हे बटण ॲपमध्ये इतकं आत दडवलेलं, की ते सापडेपर्यंत बाबा उठून खिडकीशी जाऊन बसले होते. बटण दाबल्यावरही कॉम्प्रेसरने त्याच्या सवयीप्रमाणे तीनेक मिनिटं घेतलीच.

मग ठरवलं, वीज वाचवायची तर आपल्या हाताने. कंपनीचा निरोप आला की वगळायचं आणि टायमर लावून स्वतःच एसी वर-खाली करायचा. आठवड्यातले चार दिवस जमलं, उरलेले दिवस साफ विसरले. शिवाय उशिरा कळलं, की कंपनीला माझ्या युनिटांपेक्षा माझी वेळ हवी होती. तासभर रोखलेला एसी सुटला की खोली पुन्हा थंड करायला जोर लावतो, त्यामुळे महिन्याची युनिटं फारशी कमी होतातच असं नाही. सगळी घरं एकदम सोडली तर मागणीचा नवाच डोंगर उभा राहतो.

गिझरची गोष्ट निराळी. ५० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण २ युनिटं लागतात. २ किलोवॉटच्या गिझरला तासभर. ते काम पहाटे करा की दुपारी, टाकीला आवरण चांगलं असेल तर पाणी तासन्‌तास गरम राहतं. गिझर कितीदा बंद झाला ते मला फक्त ॲपमधल्या यादीवरून कळलं. अंघोळीत कोणाची तक्रार नाही.

राग आला तो हिशेबाचा. सूट ठरते ती मागच्या १० दिवसांच्या सरासरीपेक्षा त्या वेळी किती कमी वापरलं यावर. म्हणजे मी आपणहून काटकसर करून सरासरी खाली आणली आणि स्वतःचीच सूट कापून घेतली. एसी १८ वर ठेवून झोपणारा माझ्यापुढे! फोनवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, पद्धतच तशी आहे." मला अजून पटलेलं नाही.

त्यालाच विचारलं तेव्हा कळलं की यंत्रागणिक वेगळी संमती देता येते. आता गिझर पूर्ण त्यांच्या ताब्यात आहे. एसीला १ अंशाची मर्यादा घातलीय आणि वगळायचं बटण बाबांच्या मोबाइलवर पहिल्याच पानावर आणून ठेवलंय. त्यांनी ते अजून एकदाही दाबलेलं नाही. घरघर थांबली की ते फक्त विचारतात, "कंपनी आली का गं?"