इलेक्ट्रिक गाडीच्या काचांना फिल्म: तुम्ही विचारलंत म्हणून

इलेक्ट्रिक गाडी घेतली की लोक मला हमखास विचारतात: काचांना फिल्म लावावी का, लावली तर रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, वाढते का, आणि कोणती लावावी? उत्तर आधीच सांगून टाकते. लावा, पण रेंजसाठी लावू नका. अंगावर येणारं ऊन कमी व्हावं म्हणून लावा. आणि निवडताना काच किती काळी दिसते हे बघून ठरवू नका.

रेंजचं आधी उरकते, कारण सगळ्यांचा जीव तिथे अडकलेला असतो. इलेक्ट्रिक गाडीत एसीचा कॉम्प्रेसर त्याच बॅटरीवर चालतो जिच्यावर चाकं फिरतात, म्हणून एसीची बचत म्हणजे रेंजची वाढ, हे तत्त्व खरंच आहे. प्रश्न किती, एवढाच आहे. तापलेली केबिन गार करताना सुरुवातीला एसी तीन-चार किलोवॉट खेचू शकतो, पण एकदा गारवा धरला की साधारण एक किलोवॉटच्या आसपास येतो. आता शंभर किलोमीटरचा हिशेब मांडा. ताशी ८० च्या वेगाने सव्वा तास लागेल, म्हणजे एसीचं सव्वा युनिट. तेच अंतर गर्दीत ताशी २० ने कापलंत तर पाच तास, म्हणजे पाच युनिटं. चाकांना दोन्हीकडे साधारण १५ युनिटं लागली असं धरू. फिल्ममुळे एसीचं काम एक पंचमांश कमी झालं असं मानलं, तर हायवेवर पाव युनिट वाचेल आणि गर्दीत एक. म्हणजे रोज कोंडीत अडकणाऱ्याला थोडा फरक जाणवेल, लांबच्या प्रवासाला निघालेल्याला जवळपास नाहीच. आणि थंडीत हा हिशेब उलटतो. पेट्रोल गाडीत इंजिनाची फुकटची ऊब असते, इथे ती नाही. हिवाळ्यात काचेतून येणारं ऊन हाच एकमेव फुकटचा हीटर, आणि फिल्म तोही अडवते. जिथे वर्षातले बरेच महिने हीटर लावावा लागतो, तिथे राहणाऱ्यांनी हे आधी तोलून बघावं.

मग लावायची कशाला? कारण हवा गार असली तरी ऊन गरमच लागतं. गाडीतल्या हवेचं तापमान २४ दाखवत असतं आणि खिडकीकडचा हात मात्र भाजत असतो, हा अनुभव सगळ्यांना आहे. भर दुपारी उन्हाकडे सरळ तोंड केलेल्या एक चौरस मीटर काचेवर जवळजवळ १००० वॉट उष्णता पडते, आणि हल्लीच्या इलेक्ट्रिक गाड्यांना काच भरपूर: उतरती मोठी पुढची काच, वर छतही काचेचं. ही उष्णता हवेतून येत नाही, किरणांनी थेट कातडीवर येते. एसी तिला अडवू शकत नाही. तो फक्त हवा आणखी गार करत राहतो. चांगली फिल्म नेमकी हीच मार अडवते, म्हणून ती लावल्यावर एसी दोन अंश वर ठेवूनही बरं वाटतं.

आता निवड. उन्हातली निम्म्याहून थोडी जास्त ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये असते, जी डोळ्यांना दिसतच नाही. सुमारे ४४ टक्के दिसणाऱ्या उजेडात, आणि उरलेली थोडी अतिनील किरणांत. म्हणूनच काळी फिल्म आणि गार फिल्म या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नुसत्या रंगाची स्वस्त फिल्म उजेड कापते, इन्फ्रारेड मात्र बरंचसं आत सोडते. शिवाय कालांतराने जांभळी पडते. उलट सिरॅमिक फिल्म जवळजवळ पारदर्शक असूनही उष्णता चांगली अडवते, कारण तिच्यातले अतिसूक्ष्म कण नेमकं इन्फ्रारेड शोषून घेतात.

दुकानात तुम्हाला चार आकडे ऐकवतील. किती उजेड आत येतो, किती अतिनील अडतं, किती इन्फ्रारेड अडतं आणि एकूण किती सौर ऊर्जा अडते. तिसरा आकडा सगळ्यांत मोठा असतो, म्हणून तोच मोठ्या अक्षरांत छापतात. पण तो बऱ्याचदा इन्फ्रारेडच्या एका अरुंद पट्ट्यातच मोजलेला असतो. तुम्ही चौथा मागा, एकूण सौर ऊर्जेचा. आणि तो खरा वाटतो का हे जागेवरच तपासता येतं. समजा कोणी म्हणालं, ही फिल्म ७० टक्के उजेड आत येऊ देते आणि ९० टक्के उष्णता अडवते. उजेडातच ४४ टक्के ऊर्जा आहे. त्यातला ७० टक्के आत आला म्हणजे सुमारे ३१ टक्के ऊर्जा आलीच. बाकी सगळं शंभर टक्के अडवलं तरी बेरीज ६९ च्या वर जाणार नाही. एवढी फिकट फिल्म प्रत्यक्षात एकूण ४५ ते ५५ टक्के अडवत असेल तर ती उत्तम समजा.

दुकानात लाल दिव्याचा प्रयोगही बघायला मिळेल: दिव्यापुढे काच धरतात, मागे तुमचा हात. त्या दिव्यातून मुख्यतः इन्फ्रारेडच निघतं, त्यामुळे इन्फ्रारेड शोषणारी कुठलीही फिल्म तिथे जिंकते. त्यापेक्षा नमुना लावलेली काच उन्हात न्या, मनगटाची आतली बाजू तिच्यामागे धरा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. शोषलेली उष्णता काच हळूहळू आतही सोडते. ती किती, हे तेव्हाच कळतं. चालत्या गाडीत बाहेरचा वारा ती काच गार करत राहतो. उभ्या गाडीत तसं होत नाही, म्हणून तासन् तास उन्हात उभी राहिलेली गाडी फिल्म असली तरी तापतेच. त्यावर इलेक्ट्रिक गाडीचा स्वतःचा इलाज जास्त चांगला आहे: चार्जर लावलेला असतानाच निघण्याआधी फोनवरून एसी सुरू करायचा. मूल किंवा प्राणी मात्र फिल्मच्या भरवशावर बंद गाडीत कधीच ठेवू नका.

धातूचा थर असलेली फिल्म इलेक्ट्रिक गाडीला नकोच, असं माझं ठाम मत आहे. उष्णता ती छान परतवते, पण रेडिओ लहरीही अडवते. या गाड्यांचं अर्धं आयुष्य लहरींवर चालतं: फोनच किल्ली असतो, अपडेट मोबाइल नेटवर्कवरून येतात, नकाशा जीपीएसवर, टायरचा दाब बिनतारी. दाराशी फोन हातात घेऊन गाडी ओळखायची वाट बघत उभं राहण्यात काय मजा?

छताबद्दल जरा थांबून विचार करा. ते बहुतेक गाड्यांत कारखान्यातूनच गडद असतं, त्यामुळे अतिनीलची चिंता तिथे फारशी नाही. पण काही छतांच्या आतल्या पृष्ठभागावर उष्णता कमी सोडणारा पातळ लेप दिलेला असतो. त्याचं काम तो हवेला उघडा असेपर्यंतच होतं. वर फिल्म चिकटवली की तो लेप झाकला गेला, म्हणजे पैसे देऊन कंपनीने दिलेला फायदा घालवला. दुसरं म्हणजे लॅमिनेटेड काच. ती दोन काचा आणि मधला प्लास्टिकचा थर अशी असते, आणि तिच्यातल्या काचा सहसा कडक केलेल्या नसतात. आधीच गडद असलेल्या अशा काचेला जास्त शोषणारी फिल्म लावली, की मधला भाग तापतो, कडा सावलीत गार राहतात आणि त्या ताणाने तडा जाऊ शकतो. काही इलेक्ट्रिक गाड्यांत आवाज कमी यावा म्हणून पुढच्या दारांनाही अशीच काच असते. काचेच्या कोपऱ्यातली खूण आणि मॅन्युअल वाचा, वॉरंटीचं लेखी विचारा. शंका राहिली तर छताला आतून लावायचा जाळीचा पडदा घ्या, काढता येतो आणि काम भागतं.

किती गडद, याचं उत्तर आधी तुमच्याकडचा कायदा देतो. तो प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे, काही ठिकाणी फिल्मच चालत नाही. पुढच्या काचांतून ७० टक्के किंवा त्याच्या आसपास उजेड आलाच पाहिजे, असं बऱ्याच देशांत आहे. आणि मोजतात ती काच आणि फिल्म मिळून. मूळ काच ७५ टक्के उजेड सोडत असेल आणि तिच्यावर ७० ची फिल्म लावली, तर हाती येतात साडेबावन्न. दुकानदाराकडे मीटर असतो. लावण्याआधी नुसती काच मोजून घ्या.

कायदा ढिला असला तरी पुढच्या काचा गडद करू नका. इलेक्ट्रिक गाडी कमी वेगात जवळजवळ आवाज करत नाही. म्हणूनच युरोपात २०१९ पासून नव्या मॉडेलांना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज सक्तीचा झाला. रस्ता ओलांडणारी आजी किंवा सायकलवरचा मुलगा अशा वेळी चालकाचा चेहरा शोधतो, याने मला पाहिलं का एवढंच त्याला हवं असतं. तो चेहरा झाकणं मला पटत नाही. रात्री पावसात आरशाकडे बघताना ती गडद काच तुमच्याही मधे येते.

आता लावतानाचं. चांगला कारागीर कामाला लागला की बघत उभं राहावं. फिल्म आधी काचेच्या बाहेरून अंथरतात. काच दोन्ही दिशांनी गोलावलेली, फिल्म सपाट, त्यामुळे कडेला सुरकुत्यांच्या उभ्या झालरी उठतात. त्या हीट गनने तापवून, कडक पट्टीने दाबत एकेक करून बसवतात, की फिल्म काचेचाच आकार घेते. मग साबणाचं पाणी फवारून ती आतल्या बाजूला सरकवतात आणि मधून कडेकडे रबरी पट्टीने पाणी काढतात. दाराच्या काचेची वरची कड काच थोडी खाली घेऊन जुळवतात, खालची बीडिंगच्या, म्हणजे दारावरच्या रबरी पट्टीच्या, आत जाते. कड वर उघडी दिसली तर ती लवकरच सुटते. शक्यतो प्लॉटरवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, आधीच कापलेली फिल्म घ्या, काचेवर ब्लेड फिरवलं की ओरखड्याची भीती असतेच.

हे पाणी हीच इलेक्ट्रिक गाडीतली खरी काळजी. मोठा स्क्रीन, दारांतली बटणं, स्पीकर, डॅशबोर्डच्या फटी, सगळं टॉवेलने झाकलेलं आहे ना ते बघा. सीटवर कोणी बसलं की बऱ्याच गाड्या आपोआप जाग्या होतात, दारं तासन् तास उघडी राहिली की छोटी बारा व्होल्टची बॅटरी उतरू शकते. गाडी नेण्याआधी तिला झोपवून कसं ठेवायचं ते मॅन्युअलमध्ये पाहून कारागिराला सांगा. पुढच्या काचेवर फिल्म असेल तर आरशामागच्या कॅमेऱ्यासमोरची आणि पावसाच्या सेन्सरवरची जागा कापून मोकळी हवी.

गाडी हातात आल्यावर निदान तीन-चार दिवस काचा खाली करू नका. ज्या गाड्यांच्या दारांना चौकट नसते, त्यांची काच दार उघडताना थोडी खाली येतेच. तिथे वरच्या कडेवर लक्ष ठेवा. काच धुरकट दिसेल, पाण्याचे छोटे फुगे दिसतील, ते काही आठवड्यांत जातात, थंडीत जास्त वेळ लागतो. तेव्हा नखाने दाबू नका. धुळीचा कण अडकलेला फुगा मात्र जात नाही, तो पहिल्याच दिवशी दाखवा. पुसायला मऊ कापड आणि साधं पाणी घ्या, अमोनियाचा क्लीनर नको. आणि पुढे कधी मागच्या काचेची फिल्म काढायची वेळ आली, तर वाफेने सैल करूनच काढायला सांगा. ओढून काढली किंवा ब्लेड लावलं तर डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, तारा तिच्याबरोबर निघून येतात.