चाळिशीत पहिल्यांदा वैनगंगेत उतरले

सोमवार, रात्रीचे साडेनऊ

अंगठा आणि बोटाच्या मधात फोड आलेत, आज फळ्यावर लिहिताना खडू धरवत नव्हता. तरी लिहून ठेवते. उद्यापासून परत पोषण आहाराचं रजिस्टर, चाचण्या, ऑनलाइन माहिती भरा, यात सगळं वाहून जाईल आणि हे मला जाऊ द्यायचं नाही.

तर झालं असं की माझ्या नागपूरच्या नणंदेनं कयाकिंगचं, म्हणजे लहान नाव आपणच वल्हवत जायचं, बुकिंग केलं होतं, दोन दिवस एक रात्र, भंडाऱ्याच्या खालून वैनगंगेतून अंभोऱ्यापर्यंत, सोबत गाईड, तंबू, जेवण सगळं त्यांचंच. तिची मैत्रीण ऐन वेळी तापानं पडली आणि गुरुवारी रात्री मला फोन. "वहिनी, तुम्हीच चला न, पैसे भरून झालेत." म्हणलं अगं मला पोहता येत नाही. म्हणे मी विचारलं, लाइफ जॅकेट असते, पोहणं नाही आलं तरी चालते. ह्यांनी पण म्हणलं जाऊन ये, पोरांचं मी पाहतो. मग शनिवारची किरकोळ रजा टाकली.

माझं माहेर नदीकाठचं, सासर नदीकाठचं, शाळा नदीपासून पाऊण किलोमीटरवर, आणि इतक्या वर्षांत मी घोट्याच्या वर पाण्यात गेले नव्हते. मी चौथीत असताना आमच्या वर्गातली एक मुलगी मोठ्या बहिणीसोबत घाटावर धुणं धुवायला गेली आणि परत आलीच नाही. त्या दिवसापासून आईनं आमच्यासाठी घाट बंद केला. मीही मास्तरीण झाल्यापासून माझ्या वर्गातल्या लेकरांना तेच सांगत आले, नदीवर गेलात तर पाय मोडीन. दुसरं काय सांगायचं हे मलाच माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी काठावर पोचलो तर थंडी मरणाची, पाण्यावरून वाफ निघून राहिली होती. आम्ही बारा जण, दोन गाईड पोरं, आणि डोंगा घेऊन सोबत चालणारे एक ढिवर (मासेमारी करणारे) काका, साठीच्या पुढचे. गाईडनं पहिलीच गोष्ट सांगितली की आधी नाव उलटवायची, मग पुढं जायचं. माझ्या पोटात गोळाच आला. जॅकेटचे सगळे बकल लावून झाले की तो प्रत्येकाच्या खांद्याला धरून जॅकेट वर ओढून पाहत होता, कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे, परत आवळा. माझं दोनदा आवळलं.

छातीएवढ्या पाण्यात नणंद आणि मी बसलो आणि त्यानं नाव कलवली. कानात गुडगुड, नाकात पाणी, डोळे उघडले तर सगळं हिरवट-पिवळं. मी हातपाय झाडायला लागले तोवर जॅकेटनं मला वर आणून सोडलं सुद्धा. पण मी घाबरून नणंदेच्या गळ्याला लटकायला गेले. तेव्हा गाईड ओरडला, "मॅडम, मागं टेका, खुर्चीत टेकतो तसं! डोकं मागं, पाय वर!" टेकले. कान पाण्यात बुडाले तशी वरची सगळी बडबड बंद झाली, फक्त माझाच श्वास मोठ्यानं ऐकू येऊन राहिला होता आणि वर आभाळ. किती वेळ तशी होते माहीत नाही, अर्धा मिनिट असेल. मला चौथीतली ती मुलगी आठवली, तेल लावून घट्ट घातलेल्या तिच्या दोन वेण्या, लाल रिबिनी. तिच्या अंगात जॅकेट नव्हतं हे मला समजते. पण मागं टेक, तोंड वर ठेव, हे सुद्धा तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं, अन मलाही नाही.

मग परत नावेत चढणं, ते काही एकदा जमलं नाही. पाय मागं झाडायचे, पोटावर नावेत सरकायचं आणि मग वळून बसायचं. चौथ्या वेळेस जमलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वल्हवायचं तंत्र सोपं नाही बरं, हातानं ओढलं की दहा मिनिटांत खांदे भरून येतात, कमरेतून वळायचं, पाय टेकून, पाठ ताठ. दोघांच्या नावेत पुढच्यानं ताल धरायचा आणि मागच्यानं दिशा. नणंद पुढं, मी मागं. सुरुवातीला आमची वल्ही एकमेकांवर आपटत होती, मग तिनं मोठ्यानं एक-दोन, एक-दोन म्हणायला सुरुवात केली आणि नाव सरळ चालायला लागली. लग्नाला सोळा वर्षं झाली, आम्ही दोघी एवढा वेळ कधीच सोबत नव्हतो, सणाला भेटलो तर ती स्वयंपाकघरात मी पंगतीत नाहीतर उलटं.

नदी म्हणलं तरी हे सगळं गोसेखुर्द धरणाचं फुगवट्याचं पाणी, मागं भंडाऱ्यापर्यंत येते. 1988 मध्ये धरणाचं भूमिपूजन झालं तेव्हा मी पाळण्यातून नुकती बाहेर आले असेन. 33 दरवाजांचं धरण. आता पाणी तळ्यासारखं दिसते, मधात वाळलेली झाडं उभी, त्याच्यावर पाणकावळे पंख पसरून. एका ठिकाणी काकांनी डोंगा थांबवला आणि म्हणाले, "इथं डांगरवाडी होती आमची." उन्हाळ्यात पात्र अर्ध्यावर यायचं, रेती उघडी पडायची, तिच्यात खड्डे करून खत घालून टरबुजाचे वेल लावायचे, रात्री राखणीला तिथंच झोपायचे. मी पाण्याकडं पाहत राहिले, काहीच खूण नाही. मग त्यांनी वाळकं पान काठाजवळ टाकलं, ते जागच्या जागी. डोंगा जरा आत नेऊन दुसरं टाकलं, ते हळूहळू खालच्या अंगाला सरकायला लागलं. "वरून तळं दिसते बाई, पन धार जिती हाये. जुन्या पात्रानंच जाते."

दुपारी एकच्या सुमारास आमचं गाव आलं. मी ओळखलंच नाही आधी, नणंद म्हणाली वहिनी ती पाण्याची टाकी आपली न? हनुमानाच्या देवळाचा कळस, टाकी, आणि झाडांतून शाळेचं निळं पत्र्याचं छप्पर. गावाचं हे तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं. आणि घाटावर म्हशी धुवायला आलेली चार-पाच पोरं पाण्यात. माझ्या शाळेतली पोरं! शनिवारी शाळा सकाळची, सुटली की सरळ इकडं. एकानं पाहिलं आणि बोंबलला, "अबे, मॅडम! मॅडम नदीत हायेत!" आणि एक जण धावत जाऊन म्हशीच्या मागं लपला.

मला ओरडताच आलं नाही. इतक्या वर्षांचं ते पाय मोडीन, आणि ती रोज इथंच असतात.

काकांना विचारलं, इथं किती खोल आहे हो? त्यांनी बांबू टाकून दाखवला. पोरं उभी होती तिथं गुडघाभर. तिथून दोन हात पुढं, तोच बांबू, चांगला दहा-बारा फूट, पूर्ण आत गेला तरी टेकला नाही. "रेती उपसली न, तो खड्डा हाये. वरून पानी सारखंच दिसते." मग म्हणाले, त्यांच्या गावात असाच एक बुडाला होता, त्याला काढायला त्याचा भाऊ गेला, दोघंही गेले. "बुडनारा गळ्यालेच धरते बाई. काठी द्या, दोर फेका, रिकामी कॅन फेका, उडी नोका घेऊ." सकाळी गाईडनं नेमकं हेच सांगितलं होतं, आणि मी नणंदेच्या गळ्यालाच गेले होते न. पोरांना म्हणलं बाहेर या, म्हशीच्या पुढं जायचं नाही, सोमवारी बोलते. आली मुकाट्यानं.

मुक्काम पलीकडच्या काठावर, धानाच्या कापलेल्या बांधीत, त्यात लाखोरी हिरवीगार. काकांनीच गोवऱ्या पेटवल्या आणि रोडगे केले, विस्तव झाला की कणकेचे गोळे आत पुरायचे, भाजले की काढून पोत्यावर घोळायचे म्हणजे राख झडते, मग मुठीनं फोडायचे आणि वरून तूप. वाफ निघते ती गव्हाची आणि धुराची मिळून. वांग्याची भाजी आणि वरण. दिवसभर वल्हवून आल्यावर ते जेवण, मी तीन खाल्ले. तंबूत झोप काही लागली नाही, थंडी आणि रात्रभर टिटव्या.

रविवारी लवकर निघालो कारण दहा-अकरानंतर वारा सुटतो आणि उघड्या पाण्यावर लाटा उठतात. सुटलाच. नावेचं नाक लाटेवर ठेवायचं, आडवी घ्यायची नाही, नणंदेचं एक-दोन आता ओरडून. जाळ्यांचे थर्माकोलचे तुकडे टाळत टाळत आणि एका ठिकाणी इकॉर्नियात, म्हणजे जलपर्णीत, फसलो, वल्हं उचललं की वेलीच वर, बाहेर निघायला वीस मिनिटं लागली. अंभोऱ्याला कन्हान मिळते तिथं पाण्याचा वास बदलला. नागपूरची नाग नदी कन्हानमध्येच येते आणि ते सगळं इथं. नणंद गप्पच झाली, म्हणे वहिनी हे आमच्या घरचं पाणी आहे. वर तो मोठा केबलचा पूल, त्याच्यावरून माणसं आमचे फोटो काढून राहिली होती. चैतन्येश्वराचं पायथ्यावरूनच दर्शन घेतलं, पायऱ्या चढायची ताकद दोघींतही नव्हती.

निघताना काकांचा नंबर घेतला. विचारलं, पोरांना शिकवाल का? ते म्हणाले होळी होऊ द्या, पाणी कोमट होते, तोवर मायबापाले विचारा. आठ-दहा रिकाम्या कॅन अन चांगला लांब दोर आणा, जागा मी दाखवतो. "पयले तोंड पान्यात घालाले शिकवू. बाकी मंग."

आज वर्गात गेले तर सगळ्यांना माहीत. म्हशीमागं लपलेला तोच पहिला उठला, "मॅडम, तुमी बुडाल्या होत्या का?" म्हणलं हो. "मंग?" म्हणलं मग मागं टेकले, डोकं मागं, पाय वर, तोंड आभाळाकडं. ते काय मॅडम, दाखवा न. मग सतरंजीवर मीच आडवी झाले, साडी सावरत, आणि पाहते तर चौथीचा अख्खा वर्ग माझ्या बाजूला आडवा, हात पसरलेले, हनुवट्या वर, छताकडं बघत. मुख्याध्यापक सर दारात येऊन उभे राहिले. त्यांना म्हणलं सर, पालकसभा लावायची आहे, या महिन्यातच.