ज्याची त्याला प्रत : आमची वाटचाल

‘ज्ञानेश्वरी द्या,’ असं म्हणत कुणी दुकानात आलं की आम्ही लगेच कपाटाकडे वळत नाही. आधी विचारतो, ‘पारायणाला हवी, की अर्थ लावत वाचायला?’ पुष्कळांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. आमचा सगळा व्यवसाय मात्र याच प्रश्नावर उभा राहिला आहे.

सासऱ्यांनी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात दुकान थाटलं ते शालेय पुस्तकांचं. जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, दिवाळीनंतर शुकशुकाट. त्या रिकाम्या महिन्यांचा आधार म्हणून त्यांनी एका कपाटात पोथ्या ठेवायला सुरुवात केली. दत्तजयंतीच्या सप्ताहाआधी गुरुचरित्र, दासनवमीच्या सुमारास दासबोध, श्रावणात शिवलीलामृत, वारी निघण्याआधी हरिपाठ आणि गाथा. या विक्रीचं पंचांग ठरलेलं आहे. पुढे मी आणि माझ्या जाऊबाईंनी दुकान हातात घेतलं आणि शालेय पुस्तकं हळूहळू कमी करत बंदच केली. घरचे धास्तावले होते, कारण शालेय पुस्तकांचा खप हमखास आणि ग्रंथांचं भांडवल अडकून पडतं.

ग्रंथाची प्रत हातात देण्याआधी काय पाहावं लागतं, हे सासऱ्यांनी शिकवलं. पुस्तक सहसा सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांनी बांधलं जातं. बांधताना एखादा फॉर्म दोनदा लागतो, एखादा उलटा बसतो, एखादा राहूनच जातो. कादंबरीत असं झालं तर गिऱ्हाईक चिडतं आणि बदलून नेतं. सप्ताहात मात्र पन्नास माणसं एका सुरात ओव्या म्हणत असतात आणि एकीच्या पुस्तकातून मधलाच तुकडा गायब! त्या बाईंना किती लागतं, ते मी पाहिलं आहे. म्हणून प्रत्येक जाड ग्रंथ पृष्ठांकांवर नजर फिरवल्याशिवाय आमच्याकडून बाहेर जात नाही. बांधणीही शिवलेलीच घेतो. नुसती गोंदाने चिकटवलेली प्रत चौरंगावर सपाट उघडत नाही, आणि चार पारायणांत पानं हातात येतात.

पाठाबद्दलही, म्हणजे मूळ शब्द जसेच्या तसे छापण्याबद्दलही, आम्ही आग्रही आहोत. स्वस्त आवृत्त्यांत जुन्या ओव्यांवरचे अनुस्वार आजच्या शुद्धलेखनाच्या सवयीने उडवलेले असतात. आम्ही स्वतः हरिपाठाची मोठ्या टाइपातली आवृत्ती काढली, तेव्हा जाऊबाईंनी हातात काचेचं भिंग घेऊन प्रुफं तपासली आणि एकेक अनुस्वार परत बसवला. एवढी दगदग कशाला, असं छापखान्यातल्यांनी विचारलं. पण ही तर आपलीच जुनी रीत आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि त्यात आपली ओवी घुसडणाऱ्याला बजावून ठेवलं. इथेच पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांचे पाठ ताडून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ ला आरंभ झालेलं ते काम १९६६ मध्ये पुरं झालं. श्रद्धा असलेल्या माणसाने चिकित्सा करू नये, असं कुणी म्हणालं की मी या दोन गोष्टी सांगते.

गेल्या काही वर्षांत पंचविशी-तिशीतली मुलं येऊ लागली आहेत, त्याचं मला फार अप्रूप वाटतं. पुण्यात नोकरीला आलेली, किंवा परदेशातून फोन करणारी. ‘काकू, गीता वाचायचीय, पण कोणती?’ अशांना मी थेट गीतारहस्य देत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली छापून आलेला तो ग्रंथ थोर आहे, पण तो वाचायला बैठक लागते. आधी विनोबांची गीताप्रवचने देते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक अध्याय त्यांनी कैद्यांना सांगितला आणि साने गुरुजींनी तो टिपून घेतला. समोर साधी माणसं बसलेली असल्यामुळे भाषा आपसूक सोपी झाली आहे. उपनिषदांसाठी आलेल्यांना अठरा मंत्रांचं ईशावास्य, मग कठोपनिषद. मृत्यूच्या दारात जाऊन प्रश्न विचारणारा नचिकेता तरुण वाचकांना लगेच आपला वाटतो. ज्यांना प्रश्नच जास्त पडतात, त्यांच्या हाती इरावतीबाई कर्व्यांचं ‘युगान्त’. महाभारतातल्या माणसांकडे त्या इतक्या रोखठोक नजरेने पाहतात की वाचक मूळ ग्रंथ मागायला परत येतो.

भेट म्हणून दिलेले आणि लाल कापडात बांधून देव्हाऱ्यापाशी ठेवलेले ग्रंथ आम्हाला ठाऊक आहेत. तो आदर खराच. पण पान मुडपलेली, समासात पेन्सिलीच्या खुणा असलेली प्रत कुणी बांधणी सुटली म्हणून दाखवायला आणली की मला जास्त आनंद होतो. अशा प्रती आम्ही नव्याने बांधून देतो, आणि समास कापू नका, असं बाइंडरला चिठ्ठीवर लिहून देतो.

हल्ली निम्म्याहून जास्त मागण्या फोनवर आणि व्हॉट्सॲपवर येतात. ग्रंथाच्या नावाबरोबर वाचणाऱ्याचं वय, पारायण की अभ्यास, आणि बारीक अक्षर चालेल की नाही, एवढं कळवलंत तर प्रत निवडून, तपासून पाठवू.